ट्यूलिपची फुलं का छाटतात?

एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला लिसेच्या आसपास सायकलवर फिरलात, तर एक गोष्ट खटकेल. काल लाल-पिवळ्या पट्ट्यांनी भरलेलं शेत आज नुसतं हिरवं दिसतं. शेतकऱ्याने यंत्र फिरवून सगळी फुलं उडवलेली असतात. डच लोक याला ‘कोपन’ म्हणतात, म्हणजे डोकी छाटणं. इतकी सुंदर फुलं अशी टाकून का देतात?

कारण या शेतकऱ्याला फूल विकायचंच नसतं. त्याला विकायचा असतो जमिनीखालचा कंद. आणि तो कंद भरतो पानांनी केलेल्या जेवणावर.

पानांचा स्वयंपाक

बरेच जण म्हणतात, माती आणि खत हे झाडाचं जेवण. तसं नाहीये. खत म्हणजे जेवणातलं मीठ म्हणा हवं तर. खरं जेवण पानात तयार होतं. मुळांकडून पाणी येतं, पानांच्या बारीक छिद्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पानातलं हिरवं हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडतं. या तिघांतून साखर बनते, आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात.

यात उजेडाचं काम काय, हे शोधून काढलं ब्रेडा गावात १७३० साली जन्मलेल्या यान इंगनहाउस या डॉक्टरांनी. १७७९च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी पाचशेहून जास्त प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांच्यावर बुडबुडे यायचे, अंधारात ते थांबायचे. आणि हे काम झाडाचे फक्त हिरवे भागच करायचे.

ट्यूलिपची पानं थोडी साखर लगेच वापरतात. उरलेली खाली कंदात जाते आणि तिथे पिष्टाच्या रूपात साठते. पण फूल झाडावर राहिलं आणि त्यात बिया धरल्या, तर साठ्यातला वाटा बियांकडे जातो. म्हणून फूल छाटायचं आणि पानं ठेवायची. जून-जुलैमध्ये पानं वाळली की कंद काढायचे.

आपल्याकडे कांद्याचंही असंच आहे. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे आले की नाशिकचा शेतकरी वैतागतो, कारण मग कांदा नीट पोसत नाही.

दोन प्रकारची पिल्लं

ट्यूलिपला पिल्लं दोन प्रकारे होतात. पहिला प्रकार बियांचा. फुलात सहा पुंकेसर असतात. त्यांच्यावरचे परागकण कीटकांमार्फत दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर पोचले की बी धरते. त्या बीमध्ये आई-बाबा दोघांचे गुण मिसळतात, त्यामुळे नवं फूल कसं निघेल ते सांगता येत नाही. शिवाय बी पेरल्यापासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात!

दुसरा प्रकार कंदाचा. जुना कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या आतच नवे कंद तयार होतात, हुबेहूब आईसारखे. हापूसचं कलम करतात ते याचसाठी. कोय लावली तर आंबा येईल, पण तो हापूसच निघेल याची खात्री नाही.

मात्र हुबेहूब असण्यात धोकाही आहे. सतराव्या शतकात ‘सेम्पर ऑगस्टस’ नावाच्या पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या ट्यूलिपला अफाट किंमत यायची. ते सुंदर पट्टे खरं तर एका विषाणूमुळे पडायचे. आईचा रोग पिल्लांमध्येही उतरायचा, कंद कमजोर होत जायचे. आज ती जात उरलेली नाही. म्हणून नवे गुण आणणाऱ्या बियाही लागतातच. कंद जात टिकवतो, बी बदल घडवते.

कंदातलं ऊन

१९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या काळात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्न संपलं. सुमारे वीस हजार माणसं दगावली. तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. पानांनी पुढच्या फुलासाठी साठवलेलं पिष्ट माणसांच्या पोटात गेलं. (तुम्ही मात्र कंद खाऊन बघू नका, त्याने पोट बिघडू शकतं.)

करून बघायचंच असेल, तर इंगनहाउस यांचा प्रयोग करा. मत्स्यालयाच्या दुकानात ‘वॉटरपेस्ट’ नावाची पाणवनस्पती मिळते. तिची एक फांदी पाण्याच्या ग्लासात घालून उन्हात ठेवा आणि बुडबुडे मोजा. मग ग्लास सावलीत नेऊन पुन्हा मोजा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.