एमएससाठी रिटुक्सिमॅब

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. नजर अंधुक होते, पाय लटपटतात, लघवीवरचा ताबा सुटतो. या आजाराची परवानाप्राप्त नवी औषधे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असल्याने भारतात अनेक मेंदूविकारतज्ज्ञ रिटुक्सिमॅब देतात. मुळात ते लिम्फोमाचे औषध. एमएससाठीचा वापर ‘ऑफ-लेबल’, म्हणजे परवान्यात त्या आजाराची नोंद नसलेला. तरीही तो आडमार्ग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठी हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले. भारतीय बनावटीचा स्वस्त पर्याय २००७ पासून मिळतो.

गोंदियातील कुटुंबाला मेंदूविकारतज्ज्ञासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. रेल्वेने ते सुमारे १३० किलोमीटर. जाताना सगळे एमआरआय आणि जुने कागद सोबत असावेत. औषधाआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला संसर्ग उफाळू शकतो. लसीही आधीच घ्याव्यात. पहिले सलाइन कित्येक तास चालते: आधी पॅरासिटामॉल, अॅलर्जीरोधक व स्टेरॉइड, मग थेंब अगदी सावकाश. थंडी वाजली, घसा खवखवला तर परिचारिकेला लगेच सांगावे. वेग कमी करतात किंवा सलाइन थांबवतात. पुढचा डोस साधारण सहा महिन्यांनी. मधल्या काळातला ताप अंगावर काढू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएस आहे; प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा.