जुनी डिझेल मोटार सुरू न होणे

यांत्रिक इंधनपंप आणि पूर्वदहन कक्ष असलेल्या जुन्या डिझेल मोटारींमध्ये इंजिन सुरू न होणे हा वारंवार आढळणारा दोष आहे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. दट्ट्याने दाबलेली हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे दोषाचा शोध मुख्यतः तीन गोष्टींभोवती फिरतो: इंजिन फिरण्याचा वेग, उष्णता आणि इंधनाचा अखंड पुरवठा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांना पुढील वर्णन जसेच्या तसे लागू होत नाही.

प्राथमिक तपासणी

इंजिन मंद फिरत असेल, तर पुढचे काही तपासण्यापूर्वी बॅटरी, तिची टोके आणि अर्थिंगची पट्टी पाहिली जाते. मंद फिरताना दाबलेल्या हवेतील उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींकडे निघून जाते. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारल्यास स्टार्टर मोटार तापते. मूळ दोष बाजूला राहून नवा खर्च उभा राहतो तो बहुधा इथेच.

वेग ठीक असल्यास सायलेन्सरकडे पाहावे लागते. सेल्फ मारताना धूर मुळीच नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही.

इंधनमार्ग

डिझेल पोहोचत नसल्यास प्रथम पंपाचा बंद करणारा भाग तपासतात. काही गाड्यांत तो विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो, तर काहींत हाताने ओढायची केबल. ती अर्धवट ओढलेली राहिल्याने गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेल्याची उदाहरणे मेकॅनिक मंडळी हसत सांगतात.

त्यानंतर येते ती हवा. ‘गाडीने एअर घेतली’ या शब्दांत ओळखला जाणारा हा दोष रबरी नळ्यांना चिरा पडल्याने किंवा फिल्टरचे वायसर नीट न बसल्याने उद्भवतो. अशा फटीतून डिझेल बाहेर गळेलच असे नाही. इंजिन बंद असताना डिझेल टाकीकडे परतते आणि त्याच्या जागी हवा शिरते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी रुसते, पण दिवसा लगेच चालू होते, हे त्याचे लक्षण. टाकीकडून येणाऱ्या नळीचा छोटा तुकडा तात्पुरता पारदर्शक नळीने बदलल्यास बुडबुडे दिसतात. हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारतात आणि बुडबुडे थांबल्यावर स्क्रू आवळतात. तेवढ्याने न भागल्यास नोझलकडील नळ्यांचे नट किंचित सैल करून सेल्फ मारला जातो. नोझलचा फवारा १०० बारहून अधिक दाबाचा असून तो त्वचेत घुसू शकतो. त्यामुळे या वेळी हात दूर ठेवणे आवश्यक असते.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसारख्या प्रदेशांसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. महाराष्ट्रात मेणापेक्षा फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्याचा त्रास अधिक संभवतो.

हीटर प्लग

थंड इंजिनात कक्ष तापवणाऱ्या ग्लो प्लगला बोलीत हीटर प्लग म्हणतात. मर्सिडीज-बेंझच्या पाच सिलिंडरच्या ओएम ६१७ या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ते एकसर जोडणीत होते. एक जळाला की सारेच थंड. समांतर जोडणीत मात्र जळालेल्या प्लगचा सिलिंडर तेवढा मागे राहतो व गाडी सुरू होताना थरथरते. प्लगची तार काढून बॅटरीचे धन टोक आणि प्लग यांच्यामध्ये परीक्षण-दिवा धरल्यास शाबूत प्लगवर तो पेटतो. प्लग तापलेले असताना हवेच्या मार्गात ईथरचा फवारा मारणे धोक्याचे आहे. ईथर वेळेआधी पेटल्याने दट्टे व पूर्वदहन कक्ष फुटू शकतात.

दाब

वरील सर्व ठीक असूनही पांढरा धूर कायम राहिल्यास सिलिंडरमधील दाब मोजतात. ओएम ६१७ मध्ये तो १५ बारच्या खाली गेल्यास इंजिन झिजल्याचे मानले जाते. तथापि या इंजिनाच्या व्हॉल्व्हचे अंतर हाताने जुळवावे लागते, आणि वापराने ते कमी होत जाते. अंतर उरले नाही की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत व दाब घटतो. म्हणून इंजिन खोलण्याचा निर्णय व्हॉल्व्ह जुळवून पुन्हा दाब मोजल्यानंतरच घेतला जातो.