बोनस : बक्षीस की हक्क?

नोकरीत पगाराखेरीज भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा अशा पुष्कळ सवलती मिळतात. परंतु बोनसइतका झगडा क्वचितच दुसऱ्या सवलतीसाठी झाला असेल. म्हणून बोनस ही मालकाची ओवाळणी, की कामगाराची कमाई, हे आज पाहू.

मुंबईच्या गिरण्यांत १९१७ साली मालकांनी पगारावर शेकडा १० टक्के युद्ध-बोनस दिला. लढाईमुळे महागाई वाढली होती आणि गिरण्यांना नफाही होत होता. पुढे दरसाल बोनस मिळू लागला व कामगार त्यावर संसाराचा हिशेब बसवू लागला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा हक्क शाबीत होत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे बोनस बक्षीसच ठरला.

१९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने वेगळा विचार मांडला. नफा भांडवल व श्रम या दोहोंमुळे होतो. तेव्हा घसारा, यंत्रे बदलण्याची तरतूद, कर आणि भांडवलावरील व्याज वजा जाता उरलेल्या रकमेत कामगाराचाही वाटा आहे. पुढे मेहेर आयोगाच्या अहवालानंतर १९६५ साली कायदा झाला आणि किमान ४ टक्के बोनस ठरला. हा आकडा नंतर ८.३३ वर गेला. शंभराला बाराने भागले की तो येतो. म्हणजे बारा महिन्यांच्या कामावर एका महिन्याचा पगार. कमाल मर्यादा २० टक्के आहे.

तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेत सामावला, तरी हे दोन्ही आकडे कायम आहेत. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, वर्षात निदान तीस दिवस काम केलेला आणि ठरलेल्या वेतनमर्यादेत बसणारा नोकर बोनसला पात्र आहे. कंत्राटदाराकडचा कामगारही यातून सुटलेला नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत रक्कम हाती पडली पाहिजे.

तरीही दिवाळीला मिठाईचा पुडा देऊन बोळवण होते आणि माणूस आभार मानून घरी जातो. पुडा अवश्य घ्यावा, पण आपल्या बोनसचा हिशेबही मागावा. तो मागण्यात उपकार घेतल्याची भावना नको.