चव पहिल्या भेटीत, भटारखाना दुसऱ्या भेटीत

खान्देशातला माणूस एका जागी बसून राहणारा नाही. कापसाच्या व्यवहारासाठी धुळे, दवाखान्याच्या कामाने जळगाव, मुलीचे स्थळ पाहायला शिरपूर-शहादा, असे काही ना काही निघतच असते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याजवळ एकमेकांना मिळतात, आणि भुसावळसारखे रेल्वेचे जंक्शन आपल्या जिल्ह्यात आहे. रस्ता आला म्हणजे हॉटेल आले, ढाबा आला, खानावळ आली. प्रवासाहून परतलेला माणूस कामाचे काय झाले हे नंतर सांगतो, "पारोळ्याच्या अलीकडे एक ठिकाण सापडले, काय शेवभाजी मिळते!" हे आधी सांगतो. अशा शोधाचा आनंद कुणाचा हिरावून घ्यायचा नाही. मात्र पोटाच्या दृष्टीने हा शोध कसा घ्यावा, याचा आज थोडा विचार करू.

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाची एक ठरलेली तक्रार असते. पोट बिघडले की तो शेवटच्या हॉटेलवर ठपका ठेवतो. "काल रात्री तिथे जेवलो आणि सकाळपासून सुरू झाले." हा अंदाज कधी बरोबर असतो, पण बरेचदा चुकीचा असतो. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या, तर उघड्यावर राहिलेल्या पदार्थात आधीच तयार झालेले विष पोटात गेले असण्याचा संभव मोठा. मावा, मलईची मिठाई, सकाळचा भात दुपारी फोडणीला टाकलेला, असे पदार्थ यात सापडतात. शिळ्या भातातले हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताप आणि जुलाब असतील, तर मूळ आदल्या दोन-तीन दिवसांतल्या कुठल्याही जेवणात असू शकते. विषमज्वराला, म्हणजे टायफॉईडला, साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. दूषित पाण्याची कावीळ तर महिना-दीड महिन्याने डोळ्यांत दिसते. म्हणजे चैत्रात मुक्ताईनगरच्या वाटेवर प्यालेल्या पाण्याचा हिशेब वैशाखात चुकता होतो, आणि दोष बिचाऱ्या कालच्या खानावळीला लागतो. म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर फक्त कालचे सांगू नये. गेल्या तीन-चार आठवड्यांत कुठे कुठे जेवलो, कुठले पाणी प्यालो, हे आठवून सांगावे. वारंवार फिरतीवर असणाऱ्यांनी खिशातल्या डायरीत गाव आणि हॉटेल टिपून ठेवले तर फार उपयोग होतो. खर्चाचा हिशेब लिहितोच आपण, त्याच ओळीत हेही लिहावे.

आता आपल्याकडच्या पदार्थांकडे वळू. शेवभाजीची बदनामी पुष्कळ झाली आहे, आणि तिच्यावरची तर्री पाहून कुणीही घाबरेल. पण जंतूंच्या बाजूने पाहिले तर ढाब्यावरची शेवभाजी हा बराच सुरक्षित पदार्थ आहे. कांदा, सुके खोबरे, काळा मसाला यांचा रस्सा कढईत खदखदा उकळतो, शेव शेवटी पडते आणि ताट समोर येते तेव्हा वाफ निघत असते. उकळत्या रश्शात बहुतेक रोगजंतू टिकत नाहीत. अट एवढीच, की रस्सा खरोखर उकळलेला हवा. रात्रीचे मोठे पातेले कोमट करून त्यातून डावभर वाढला, तर ही हमी संपली. शेवभाजीचा दोष दुसरीकडे आहे. शेव एकदा तेलात तळलेली, रश्शावर पुन्हा तेल, मीठ शेवेत आणि रश्शातही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पापड, लोणचे आणि दोन वाट्या शेवभाजी झाली की त्यातला मोठा वाटा एकाच बैठकीत संपतो. रक्तदाब असणाऱ्याने रस्सा पिण्याची हौस सोडावी आणि शेव-कांदा खावा.

भरताचे नेमके उलटे आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आसोदा, बामणोदची वांगी तर लोक नाव घेऊन मागतात. तेल माफक, जोडीला कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडदाची ही भाकरी मैद्याच्या रोटीपेक्षा मधुमेह्याला केव्हाही बरी. वांगी कपाशीच्या काड्यांवर चांगली भाजली जातात, तिथपर्यंत सगळे ठीक. पण नंतर ती हाताने सोलतात, बडगीत ठेचतात आणि त्यात कांद्याची पात, कोथिंबीर कच्चीच पडते. पुढे ते भरीत पातेल्यात तासन् तास कोमट राहते. घरी किंवा शेतातल्या भरीत पार्टीत ताजे संपते, म्हणून बाधत नाही. हॉटेलात दुपारी केलेले रात्री नऊ वाजता घेणे योग्य नव्हे. थंडीच्या दिवसांत दुपारच्या जेवणाला भरीत मागवावे आणि रात्री उकळती भाजी, असा साधा नियम ठेवला तरी पुष्कळ त्रास वाचतो.

उन्हाळ्यात हा नियम आणखी कडक पाळावा. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. साधारण 5 ते 60 अंश या दरम्यान ठेवलेले अन्न जंतूंना मानवते, आणि अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी चिरलेला कांदा, उघडी चटणी, पाण्यात पडलेली लिंबाची फोड, ही टेबलावर फुकट मिळणारी मंडळी जेवणापेक्षा अधिक घातक ठरतात. लस्सी आणि उसाचा रस घेताना बर्फ नको म्हणून सांगावे. कारखान्यासाठीचा बर्फ ओळखू यावा म्हणून 2018 साली महाराष्ट्रात त्यात निळा रंग टाकण्याचा नियम झाला. पण बर्फ पांढरा दिसला तरी तो पोत्यातून, फरशीवरून आणि हातोडीखालून आला असेल, तर रंगाने काय होणार?

नव्या ठिकाणी पहिल्यांदा शिरताना पाटीकडे कमी आणि मोरीकडे जास्त लक्ष द्यावे. हात धुवायला जाण्याच्या निमित्ताने सगळे दिसते. साबण आहे की नाही, ताटे वाहत्या पाण्याखाली धुतात की एकाच बादलीत बुडवून काढतात, टेबल पुसायचे फडके आणि ताट पुसायचे फडके एकच आहे काय. पोऱ्या पाण्याचे चार ग्लास आणतो तेव्हा त्याची चार बोटे ग्लासांच्या आत असतात की बाहेर, एवढे पाहिले तरी मालकाची शिस्त कळते. कढईतले तेल काळे, चिकट आणि फेसाळ असेल, तर तळलेले मागवू नये. वापरलेले तेल किती बिघडेपर्यंत वापरावे याला भारतात 2018 पासून कायदेशीर मर्यादा आहे. आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही, खवट वास नाकाला येतोच. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे 14 आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावलेला असावा. तो आहे म्हणून स्वयंपाकघर स्वच्छच, असे समजू नये, पण तो विचारणारे गिऱ्हाईक आहे हे मालकाला कळलेले बरे.

ट्रक उभे असतात तिथे जेवण चांगले, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. यात तथ्य आहे. गर्दी असली की अन्न साठून राहत नाही, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. पण ट्रकवाल्याचे अंगमेहनतीचे जेवण बारा तास गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला कसे चालेल? त्याची तर्री त्याला लखलाभ. शिवाय गर्दी जेवणाच्या वेळेची असते. त्याच ढाब्यावर दुपारी चार वाजता गेलात, तर उरलेले तुमच्या वाट्याला येणार.

म्हणूनच कुठल्याही हॉटेलबद्दल एका भेटीत मत देऊ नये. पहिल्या भेटीत भूक लागलेली असते, जिभेला चव कळते आणि बाकीचे दिसत नाही. दुसऱ्यांदा जावे ते वेगळ्या वेळी, जमल्यास वेगळ्या ऋतूत. तीच चव, तीच स्वच्छता आढळली, तर ते ठिकाण आपले म्हणावे. हॉटेलांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. आचारी बदलला की पाटी तीच राहते आणि भटारखाना दुसरा होतो. अमेरिकेत मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होऊन गेली. स्वतः ठणठणीत, पण अंगात विषमज्वराचे जंतू. 1907 मध्ये तिला पकडून वेगळे ठेवले, 1910 मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले, आणि 1915 साली ती नाव बदलून न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली. तिला दोष देणे सोपे आहे. पण पोट हातावर असलेला आचारी आजारी असूनही कामावर येतो, तो रजेचा पगार मिळत नाही म्हणून. हे आपल्याकडेही तितकेच खरे आहे. आजारी माणसाला दोन दिवस घरी बसवून पगार देणारा मालक हजारो रुपयांच्या टाइल्स लावणाऱ्या मालकापेक्षा गिऱ्हाइकाची जास्त काळजी घेतो.

नेहमीचे गिऱ्हाईक होण्याचा मोठा फायदा मधुमेह, रक्तदाब आणि आम्लपित्तवाल्यांना मिळतो. अनोळखी ठिकाणी "तेल कमी घाला" म्हटले तर पोऱ्या मान हलवतो आणि तसेच आणतो. ओळखीच्या खानावळीत "आप्पा, माझ्या भाजीवर तर्री नको, मीठ हात राखून" म्हटले की आप्पा स्वतः आत जाऊन सांगतात. काही ठिकाणी तर गिऱ्हाइकाने मागण्याआधीच साधे वरण आणि भाकरी पुढे येते. महिन्यातून चार वेळा धुळ्याला जाणाऱ्या मधुमेह्यासाठी असे एक घर असणे औषधाइतकेच मोलाचे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने हॉटेलच्या भरवशावर वेळ घालवू नये. गाडी एरंडोलला तासभर अडकली आणि जेवण लांबले, तर घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे हे साखर उतरल्याचे लक्षण असते. अशा वेळी लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, त्यानंतर केळे किंवा भाकरी खावी. आपल्या जिल्ह्याचे केळे तर निसर्गानेच वेष्टनात दिले आहे. प्रवासात सोलून खाण्याच्या फळाइतके निर्धोक काही नाही.

इतके करूनही पोट बिघडलेच, तर पहिले औषध पाणी आणि मीठ-साखर. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साधे मिश्रण पाजून असंख्य जीव वाचवले. औषधाच्या दुकानातली पुडी मिळाली तर उत्तम, ती लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावी. नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त पडू देऊ नये. घोटघोट, पण सतत प्यावे. लहान मुलांना जुलाबात जस्ताच्या गोळ्याही देतात. त्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या ताप किंवा रक्त असताना मुळीच घेऊ नयेत. शौचात रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणे, मूल सुस्तावणे, तीन दिवसांहून जास्त ताप, यांपैकी काही दिसले तर त्याच गावातला दवाखाना गाठावा, घरी पोहोचण्याची वाट पाहू नये. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही थांबू नये. पाण्यातून होणारी एक प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.