इन्सुलिन आणि माठ

मे महिन्यातले जयपूर घ्या. तापमान ४२ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. घरात मधुमेही रुग्ण आहे, फ्रीज नाही. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी साधारणपणे ३० अंशांखाली चार आठवडे चालते (नेमकी मर्यादा खोक्यातल्या कागदावर असते). त्याहून जास्त उष्णतेत हे प्रथिन हळूहळू बिघडते. डोळ्यांना फरक दिसेलच असे नाही; साखर मात्र वाढते आणि बोल लागतो पथ्याला.

अशा घरात मातीचा माठ कामी येतो. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते माठाची उष्णता घेते. वरील स्थितीत ओल्या बल्बचे तापमान सुमारे २२ अंश येते. माठ तिथवर पोहोचत नाही, पण त्या दिशेने बराच उतरतो. कोकणात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हेच तापमान २८ च्या पुढे, म्हणजे फायदा थोडाच. जयपुरातही पावसाळ्यात माठावर विसंबू नका.

कुटुंबाला सांगताना सूत्र नको, कृती सांगा. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत, डबी माठात, माठ सावलीत आणि वाऱ्यावर. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंशच लागतात. त्या शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.