हळद-मिरीच्या २००० टक्क्यांचा हिशेब

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्यांनी वसमतकडे जाते आणि त्या पाण्यावर हळद पोसली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात हळद शिजवायची घाई असते. शिजलेली हळकुंडे उन्हात वाळतात, पॉलिशच्या ड्रममध्ये घासली जातात आणि वसमतच्या बाजारात किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात पोहोचतात. २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढी हळद दाराशी असताना मोबाइलवर मात्र सांगितले जाते की, नुसत्या हळदीचा उपयोग नाही. मिरी घातली की तिचा गुण २००० टक्क्यांनी वाढतो.

हा आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी काही निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम करक्युमिन दिले. करक्युमिन म्हणजे हळदीला पिवळेपण देणारे द्रव्य. ते एकटे दिले तेव्हा रक्तात जवळजवळ सापडलेच नाही. सोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर पहिल्या तासाभरात त्याचे प्रमाण कितीतरी वाढले. वाढले ते रक्तातले प्रमाण, आणि तेही जवळपास शून्यावरून. कोणाचा आजार बरा होतो का, हे त्या प्रयोगात तपासलेलेच नव्हते.

आता स्वयंपाकघरातला हिशेब करू. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के असते. म्हणजे २ ग्रॅम करक्युमिनसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद एका वेळी खावी लागेल. पायपरीनचे काम मिरीच्या आठ-दहा दाण्यांत भागते, पण एवढी हळद कोणत्याही आमटीत किंवा दुधात मावत नाही. अर्धा चमचा हळदीच्या दुधाला त्या प्रयोगाचा दाखला देता येत नाही. घसा दुखत असताना ते दूध बरे वाटते, तेवढ्यासाठी ते जरूर प्यावे.

दुसरा दाखला पेटंटच्या लढाईचा दिला जातो. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. त्या लढ्यात डॉ. रघुनाथ माशेलकर आणि ‘सीएसआयआर’ या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेचा वाटा मोठा होता, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण पेटंट रद्द झाले ते हा उपयोग भारतात आधीपासून ठाऊक होता म्हणून. हळद किती गुणकारी आहे, याचा निकाल तिथे लागला नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनवरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा काटेकोर चाचणीत ठामपणे यशस्वी ठरलेला एकही उपचार त्यांना आढळला नाही. गुडघेदुखीवर काही छोट्या चाचण्यांत थोडा उतार दिसला आहे, पण तो कॅप्सूलच्या मात्रेचा, फोडणीतल्या चिमटीचा नव्हे.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘घरचाच मसाला, अपाय कसला होणार!’ आतडे आणि यकृत परके द्रव्य मोडून बाहेर टाकतात. पायपरीन ते काम मंदावते, आणि म्हणूनच करक्युमिन रक्तात टिकते. पण तो वेग हळदीपुरताच मंदावत नाही, काही औषधांचाही मंदावतो. याच गुणाचा सुरेख उपयोग जम्मूच्या ‘सीएसआयआर’ प्रयोगशाळेने करून घेतला. सुंठ, मिरी, पिंपळीच्या त्रिकटूवरून धागा पकडत तिने क्षयरोगावरील रिफाम्पिसिनसोबत १० मिलिग्रॅम पायपरीन दिले, आणि ४५० मिलिग्रॅमचे काम २०० मिलिग्रॅममध्ये होऊ लागले. तिथे मात्रा मोजून-मापून ठरवली होती. फिट्सवरचे फेनिटॉइन किंवा रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने हळद-मिरीची कॅप्सूल सुरू केली, तर रक्तात औषध किती साठते हे कोणीच मोजत नसते.

यकृताचेही तसेच. अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद तपशीलवार प्रसिद्ध झाली आहे. त्यांतल्या पाचांना रुग्णालयात ठेवावे लागले, एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या काही कॅप्सूलमध्ये पायपरीनही होते.

मग मसाले एकत्र करण्याला अर्थच नाही का? आहे, आणि तो रोजच्या ताटात आहे. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हळद फोडणीत टाकायची रीत योग्यच आहे. शिजवल्याने हळदीचे सगळे सत्त्व जाते, हेही खरे नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने मोजले, तेव्हा शिजवताना २७ ते ५३ टक्के करक्युमिन कमी झाले, सर्वाधिक कुकरमध्ये. चिंच घातली तेव्हा मात्र घट १२ ते ३० टक्क्यांवर राहिली. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत असेही दिसले की, कांदा-लसणामुळे धान्य-डाळींतले लोह आणि जस्त शोषणासाठी अधिक मोकळे होते. भाकरी, चिंचेची आमटी, लसणाची चटणी आणि फोडलेला कांदा या जेवणाला मराठवाड्यात कोणी औषध म्हणत नाही. कॅप्सूलपेक्षा ते कितीतरी भरवशाचे आहे.

राहिला रंग. हळद जितकी पिवळीधमक तितकी अस्सल, आणि अख्खे हळकुंड घेतले की भेसळीची चिंता नाही, असे अनेकजण मानतात. बांगलादेशात उलटे आढळले: पॉलिश करतानाच हळकुंडांवर लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चढवला जात होता. तिथे कडक कारवाई झाल्यावर, २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत असलेले शिसे २०२१ पर्यंत शून्यावर आले. भारतातही पाटण्याच्या पॉलिश केलेल्या हळकुंडांत शिशाचे प्रमाण धोकादायक आढळले आहे. लहान मुलांच्या मेंदूला शिसे कायमचे अधू करते. हिंगोलीकरांना तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिगरपॉलिशची हळकुंडे घेऊन डोळ्यांसमोर दळून आणता येतात. ती फिकट, ओबडधोबड दिसतील, तीच घ्यावीत.

आणि घरात कोणी हळद-मिरीची कॅप्सूल घेत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बाकीच्या गोळ्यांबरोबर ती बाटलीही पिशवीत टाकावी.