इग्वानाचे घर आणि आपला यत्नाचार

हिरवा इग्वाना हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील, पाने खाऊन जगणारा सरडा. हौसेने आणलेले पिल्लू काही वर्षांत शेपटीसह ५-६ फूट लांब होते आणि काचेची पेटी अपुरी पडते. जीवाला कोंडणे अहिंसेला शोभत नाही. म्हणून तो विकत आणूच नये. परंतु घरात आलेल्या इग्वानाला रानात सोडणे हा त्याचा आणि इथल्या जीवसृष्टीचाही घात होय. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची शासनदरबारी नोंद करावी आणि त्याला नीट सांभाळावे.

त्याच्यासाठी उंच कपाट करताना लाकूड पारखून घ्यावे. आत सतत ऊब व दमटपणा असतो. देवदाराचा सुवास आपल्याला प्रिय. बंदिस्त जागेत तेच तेल श्वसनास बाधक ठरू शकते. ओल्या चिडाची राळही तशीच. एमडीएफ ओलाव्याने फुगते. आयएस ७१० चा मरीन प्लाय पाण्याला टिकतो, पण त्यात कीडनाशक मुरवलेले असते.

जुन्या वाड्याचे मुरलेले सागवान सर्वांत बरे. नवे झाड तोडावे लागत नाही. जुना रंग मात्र पूर्ण काढावा, त्यात शिसे असू शकते. भोकांखाली ताजा भुसा दिसला, तर आत त्रस जीव आहेत असे समजून त्या फळीला करवत लावू नये. शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे हात देऊन कपाट दोन-तीन आठवडे उघडे ठेवावे.

व्यापारात आपण माल पारखतो तो नफ्यासाठी; येथे ती पारख एका मुक्या जीवाच्या श्वासासाठी आहे.